शाळा अंगणात नेणाऱ्या ताराबाई मोडक



तीन-चार वर्षांचे मूल स्वयंपाकघरात येते आणि कणकेचा गोळा मागते. निवडायला घेतलेल्या डाळीत हात घालते. बहुतेक वेळा आपण त्याला बाजूला करतो. सांडलवंड होऊ नये, काम लवकर उरकावे, एवढाच आपला हेतू असतो. पण त्या क्षणी मुलाचे शिक्षण सुरू झालेले असते, हे आपल्या लक्षात येत नाही. ज्यांनी हे ओळखले आणि त्यासाठी आपले आयुष्य वाहिले, त्या ताराबाई मोडक यांचे जीवन आज आपण जाणून घेऊया.

संस्कार आणि कसोटी

ताराबाईंचा जन्म १८९२ साली मुंबईत झाला. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते, त्यामुळे घरात उपासना आणि समाजसुधारणा यांचे वातावरण होते. मुली फारशा शिकत नसत अशा त्या काळात, १९१४ साली, त्या बी.ए. झाल्या. पुढे विवाह होऊन त्या अमरावतीला गेल्या, पण तो संसार टिकला नाही. १९२१ मध्ये पदरी लहान मुलगी असताना त्या वेगळ्या झाल्या. विचार करा, शंभर वर्षांपूर्वी एका स्त्रीसाठी हे किती कठीण असेल! पण त्या खचल्या नाहीत. राजकोटच्या महिला अध्यापक विद्यालयाच्या प्राचार्य म्हणून त्यांनी काम स्वीकारले.

भावनगरची साधना

भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका बालमंदिर चालवत होते. त्यांचे कार्य समजल्यावर ताराबाईंनी प्राचार्यपद सोडले आणि १९२३ मध्ये त्या तेथे गेल्या. तेथील पद्धत इटलीच्या डॉ. मारिया मॉन्टेसरी यांची होती. लहान-मोठ्या जाडीचे लाकडी दट्टे मूल आपल्या हाताने योग्य भोकात बसवते. चुकले तर दट्टा बसत नाही, म्हणजे चूक दाखवायला कुणी रागवावे लागत नाही. खरखरीत कागदाच्या अक्षरावर बोट फिरवून अक्षराचे वळण आधी हाताला कळते, लिहिणे नंतर येते. छडी आणि घोकंपट्टी यांना तेथे जागा नव्हती. १९२६ मध्ये गिजुभाई आणि ताराबाई यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. पुढे १९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादर येथे शिशुविहार सुरू केले.

खेड्याची हाक

शहरातील काम उत्तम चालले होते. पण मॉन्टेसरीची साधने महाग होती. मग गरिबाच्या मुलाने काय करायचे, हा प्रश्न ताराबाईंना स्वस्थ बसू देईना. १९४५ मध्ये, वयाच्या ५३व्या वर्षी, त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या आणि ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. तेथे त्यांना अनुताई वाघ यांची जन्मभराची साथ मिळाली.

पण बालवाडी उघडली, तरी अस्पृश्य मानल्या गेलेल्या आणि गरीब वस्त्यांतील मुले तेथे येईनात. आपण असतो तर कदाचित त्यांच्या आईवडिलांना दोष दिला असता. ताराबाईंनी मात्र शाळाच उचलून त्यांच्या दारी नेली. वस्तीतील एखादे अंगण झाडायचे, मुलांचे हातपाय धुवायचे, नखे कापायची आणि तेथेच खेळ मांडायचा. यातूनच ‘अंगणवाडी’ ही कल्पना उभी राहिली. पुढे १९७५ साली सुरू झालेल्या सरकारी योजनेतील केंद्रांनाही हेच नाव मिळाले.

महागड्या साधनांची जागा शंख-शिंपले, बिया, गोटे, पाने, काड्या आणि मातीने घेतली. बिया मोजून संख्या समजते, पाने जुळवून आकार कळतात, मातीने बोटांत ताकद येते. यासाठी पैसा लागत नाही, लागते ती मुलाकडे पाहण्याची प्रेमळ दृष्टी.

कोसबाडची टेकडी

१९५७ मध्ये हे कार्य डहाणूजवळील कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींमध्ये गेले. तेथे धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या मुलांसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र चालवली गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणातच शाळा भरली. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्यांचे निधन झाले आणि अनुताईंनी हे व्रत पुढे चालवले.

आपण काय करू शकतो?

वाचकहो, आपल्यापैकी प्रत्येकाला टेकडीवर जाऊन शाळा काढता येणार नाही. पण उद्या आपल्या घरातील मूल कणकेचा गोळा मागेल, तेव्हा तो त्याच्या हातात द्या. त्याची पोळी वाकडी होईल, पीठ सांडेल, तरी मध्ये हात घालू नका. आणि आपल्या घरी कामाला येणाऱ्या ताईंचे मूल सोबत आले असेल, तर दुसरा गोळा त्यालाही द्या. ताराबाईंचे स्मरण करण्याचा याहून चांगला मार्ग दुसरा नाही.