अणुयुद्धाच्या राखेतले हसू : अहमदनगरात जन्मलेले स्पाइक मिलिगन

अणुबॉम्बचे नाव निघाले की हिरोशिमा आणि नागासाकी आठवतात. त्या स्मृतीपुढे विनोदाला जागा उरत नाही, असे कोणालाही वाटेल. तरीही १९५९ ते १९६९ या दहा वर्षांत इंग्रजी पडद्यावर अणुयुद्धाची थट्टा करणारे तीन महत्त्वाचे चित्रपट आले. ‘द माउस दॅट रोअर्ड’ (१९५९) आणि स्टॅन्ली कुब्रिक यांचा ‘डॉ. स्ट्रेंजलव्ह’ (१९६४) या दोन्ही चित्रपटांत पीटर सेलर्स या नटाने प्रत्येकी तीन भूमिका केल्या. तिसरा चित्रपट म्हणजे रिचर्ड लेस्टर यांचा ‘द बेड सिटिंग रूम’ (१९६९). तो ज्या नाटकावरून घेतला, त्याचे सहलेखक होते सेलर्स यांचे जुने सहकारी स्पाइक मिलिगन. विसाव्या शतकातील इंग्रजी विनोदाला नवे वळण देणाऱ्या या लेखकाचा जन्म महाराष्ट्रातील, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

छावणीतील बालपण

टेरेन्स अॅलन मिलिगन यांचा जन्म १६ एप्रिल १९१८ रोजी अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे झाला. वडील लिओ हे मूळचे आयर्लंडमधील स्लायगोचे. ते ब्रिटिश तोफखान्यात नोकरीला होते. आई फ्लॉरेन्स इंग्रज होती. लिओ यांना रंगमंचाची हौस होती आणि सैनिकांच्या करमणुकीच्या कार्यक्रमांत ते नाच-गाणी करीत. मुलाचे प्रारंभीचे शिक्षण पुण्यातील कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरी या शाळेत आणि पुढे रंगूनला झाले. घरात शिस्तीचा लष्करी बिगूल आणि नाटकाचा रंग या दोन्ही गोष्टी एकत्र नांदत होत्या. साम्राज्याचा थाट, त्यातील मानपान, गणवेश आणि सलाम हे सारे या मुलाने छावणीच्या आतून पाहिले. पुढे आयुष्यभर त्यांच्या विनोदाचे भक्ष्य झाले ते हेच जग.

१९३० च्या दशकाच्या प्रारंभी मिलिगन कुटुंब लंडनला परतले. भारतातील ऐसपैस जीवनानंतर ढगाळ आकाशाखालचे ते गरिबीचे दिवस मुलाला जड गेले. कारकुनी करता करता त्यांनी ट्रम्पेट आणि गिटार ही वाद्ये आत्मसात केली. ‘स्पाइक’ हे टोपणनावही तरुणपणीचे.

तोफेचा आवाज

१९४० मध्ये मिलिगन सक्तीच्या भरतीत तोफखान्यात दाखल झाले. उत्तर आफ्रिकेच्या मोहिमेनंतर त्यांची तुकडी इटलीत गेली. तेथे जानेवारी १९४४ मध्ये, मॉन्टे कॅसिनोच्या परिसरातील लढाईत, उखळी तोफेचा गोळा जवळ फुटून ते जखमी झाले. पायाची जखम भरून आली, पण मनाला बसलेला धक्का कायम राहिला. तोफांच्या आवाजाने ते थरथरू लागले, त्यांना रडू आवरेना. लष्कराने या आजाराकडे सहानुभूतीने न पाहता त्यांची पदावनती केली.

आफ्रिकेतच त्यांची भेट हॅरी सेकम्ब या सैनिकाशी झाली. एक अवजड तोफ मागे घसरून कड्यावरून खाली कोसळली आणि सेकम्ब यांच्याजवळ येऊन पडली. थोड्या वेळाने मिलिगन हरवलेल्या तोफेची चौकशी करीत तेथे पोहोचले, असा तो प्रसंग सांगितला जातो. मरणाच्या इतक्या निकट येऊनही त्यातील विसंगती टिपणारी ही दृष्टी पुढे त्यांच्या लेखणीत उतरली.

युद्ध संपल्यावर सेकम्ब, सेलर्स, मायकेल बेंटीन आणि मिलिगन हे चौघे लंडनमध्ये एकत्र आले. २८ मे १९५१ रोजी बीबीसी रेडिओवर त्यांचा कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे तो ‘द गून शो’ या नावाने गाजला. जानेवारी १९६० पर्यंत त्याचे दोनशेहून अधिक भाग प्रसारित झाले. त्यांतील बहुतेक लेखन मिलिगन यांचे होते. शूर पण बिनडोक सेनाधिकारी, अर्थहीन मोहिमा, कारण नसताना होणारे स्फोट असे अजब विश्व त्यांनी केवळ आवाजांतून उभे केले. ‘मॉन्टी पायथन’च्या मंडळींनी त्यांचे ऋण मान्य केले आहे.

दर आठवड्याला नवे लेखन देण्याच्या ताणाची किंमत मोठी होती. १९५२ च्या अखेरीस त्यांचे मानसिक संतुलन ढळले. त्या अवस्थेत ते हत्यार घेऊन सेलर्स यांच्या घराकडे निघाले होते. नंतर त्यांना रुग्णालयात ठेवावे लागले. उन्माद आणि खिन्नता यांच्यात हेलकावणाऱ्या या विकाराने त्यांना अखेरपर्यंत सोडले नाही. त्याविषयी ते उघडपणे बोलत. १९९३ मध्ये अँथनी क्लेअर या मनोविकारतज्ज्ञासमवेत त्यांनी नैराश्यावर एक पुस्तकही लिहिले.

दोन मिनिटे अठ्ठावीस सेकंदांचे महायुद्ध

‘द बेड सिटिंग रूम’ हे नाटक मिलिगन आणि जॉन अँट्रोबस यांनी मिळून लिहिले. त्याचे एकांकी रूप फेब्रुवारी १९६२ मध्ये कँटरबरी येथे सादर झाले आणि जानेवारी १९६३ मध्ये पूर्ण नाटक लंडनच्या मर्मेड थिएटरमध्ये आले. या दोन प्रयोगांच्या मध्ये, ऑक्टोबर १९६२ मध्ये, क्युबातील क्षेपणास्त्रांवरून अमेरिका आणि सोव्हिएत संघ अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर येऊन थांबले होते. हल्ल्याची सूचना मिळाल्यास ब्रिटिश नागरिकाच्या हाती चार मिनिटे असतील, असे त्या काळात सांगितले जाई. अणुहल्ल्यापासून घराचे रक्षण कसे करावे, याची सरकारी पुस्तिकाही १९६३ मध्ये निघाली.

लेस्टर यांनी १९६९ मध्ये या नाटकावर चित्रपट केला. त्यातील महायुद्ध शांतता करारावरील सह्यांसह २ मिनिटे २८ सेकंदांत आटोपते. इंग्लंडमध्ये जेमतेम वीस माणसे उरतात. राणीच्या घरी झाडलोट करणारी बाई आता सिंहासनाची वारस आहे. एक उमराव किरणोत्सर्गाच्या परिणामाने हळूहळू भाड्याची खोली होत जातो, एका मुलीची आई कपाट होते आणि वडील पोपट. ती मुलगी सतरा महिन्यांची गर्भवती आहे. बीबीसीचा वृत्तनिवेदक फाटक्या कोटात घरोघर जातो आणि फुटलेल्या दूरचित्रवाणी संचाच्या चौकटीत तोंड घालून युद्धापूर्वीच्या शेवटच्या बातम्या वाचून दाखवतो. फुग्याला टांगलेल्या मोटारीतून दोन पोलीस वाचलेल्यांना सतत चालते राहण्याचा हुकूम सोडतात. राल्फ रिचर्डसन, रिटा टशिंगहॅम, पीटर कुक, डडली मूर आणि सेकम्ब अशी कलावंतांची मांदियाळी त्यात होती. मिलिगन यांनीही एक छोटी भूमिका केली.

चित्रपट सपशेल पडला. तो बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता, पण प्रेक्षकांनी पाठ फिरवली. लेस्टर यांना पुढचा चित्रपट पडद्यावर आणण्यासाठी १९७३ पर्यंत थांबावे लागले. चाळीस वर्षांनी, २००९ मध्ये, ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने तो डीव्हीडीवर आणला आणि नव्या पिढीने त्याची दखल घेतली.

काय टिकले, काय विटले

अशा चित्रपटांतील विनोद आजही जिवंत आहे काय, हा प्रश्न रास्त आहे. ‘डॉ. स्ट्रेंजलव्ह’ची कीर्ती अबाधित आहे. त्याची कथा युद्धापूर्वीच्या काही तासांची असून घट्ट बांधलेली आहे. त्या तुलनेत ‘द बेड सिटिंग रूम’ विस्कळीत आहे. त्याला धड कथानक नाही, काही प्रसंग रेंगाळतात, शब्दांचे खेळ इंग्रजी कानालाच कळतात. किरणोत्सर्गाच्या प्रत्यक्ष यातनांना तो जवळजवळ स्पर्शच करीत नाही. हिरोशिमातील जखमा पाहिलेल्या माणसाला कपाट झालेली आई पाहून हसू येणार नाही, हा आक्षेप खोडून काढता येण्यासारखा नाही.

मात्र त्यातील एक गोष्ट जराही शिळी झालेली नाही. माणसे संपली तरी यंत्रणा संपत नाही, हे तो दाखवतो. या चित्रपटात त्या आईला ती जिवंत असतानाच मृत्यूचा दाखला मिळतो आणि कागदावर लिहिले आहे म्हणून सारे तो खरा मानतात. दरवर्षी हयातीचा दाखला सादर करून आपण जिवंत असल्याचे सिद्ध करणाऱ्या आपल्याकडील निवृत्तिवेतनधारकाला हा विनोद समजावून सांगावा लागत नाही. वाशीम जिल्ह्यातील आसेगावसारख्या गावात शासनाचा चेहरा म्हणजे तलाठी, पोस्टमन आणि पोलीस. मिलिगन यांच्या उद्ध्वस्त इंग्लंडमध्येही नेमकी अशीच माणसे शिल्लक आहेत. ती आपापल्या जागेवर आहेत, आपापले काम करीत आहेत. केवळ ज्यांच्यासाठी काम करायचे ते लोक उरलेले नाहीत. मृत्यूलाही कर्मकांडात अडकवणारा असा कृष्णविनोद मराठी रसिकाला सतीश आळेकर यांच्या ‘महानिर्वाण’मुळे १९७४ पासून परिचित आहे.

मिलिगन यांचा सगळाच विनोद असा टिकला नाही, हेही नमूद करायला हवे. ‘द गून शो’मध्ये बॅनर्जी आणि लालकाका या भारतीय पात्रांच्या उच्चारांवर हशा पिकवला जाई. ज्या १९६९ साली हा चित्रपट आला, त्याच वर्षाच्या अखेरीस ‘करी अँड चिप्स’ या दूरचित्रवाणी मालिकेत मिलिगन यांनी चेहऱ्याला तपकिरी रंग फासून पाकिस्तानी वंशाच्या कामगाराची भूमिका केली. तिचे लेखन जॉनी स्पाइट यांचे होते. तक्रारींचा पाऊस पडला आणि सहा भागांनंतर मालिका बंद झाली. ज्या भूमीत बालपण गेले तेथील माणसांची बोली त्यांनी हशासाठी वापरली, हे आज पाहताना खटकते. एकाच वर्षातील या दोन कामांत फरक आहे तो लक्ष्याचा. एका ठिकाणी थट्टा परक्या देशात पोटासाठी राबणाऱ्या माणसाची आहे, दुसऱ्या ठिकाणी जगाचा नाश करण्याचे अधिकार हाती असलेल्यांची. पहिली विटली, दुसरी ताजी राहिली.

परका नागरिक

कामगाराच्या परकेपणावर हसवणाऱ्या या कलावंताच्या वाट्यालाही परकेपण आले होते. आयरिश बापाच्या पोटी भारतात जन्मलेल्या मिलिगन यांनी ब्रिटनसाठी युद्धात रक्त सांडले होते. तरीही पारपत्राच्या वेळी त्यांच्या नागरिकत्वाचा प्रश्न निघाला. राजनिष्ठेची शपथ घेण्यास त्यांनी नकार दिला आणि १९६२ मध्ये आयर्लंडचे नागरिकत्व स्वीकारले. अणुयुद्धानंतरच्या इंग्लंडची आणि त्याच्या राजगादीची टर उडवणारे नाटक याच वर्षी रंगमंचावर आले.

पुढच्या काळात त्यांनी ‘पकून’ (१९६३) ही कादंबरी, युद्धाच्या आठवणींचे सात खंड आणि मुलांसाठी निरर्थक वाटणाऱ्या गमतीदार कविता लिहिल्या. त्यांतील एक कविता १९९८ मध्ये ब्रिटनमधील सर्वांत आवडती विनोदी कविता ठरली. २००१ मध्ये त्यांना ‘सर’ किताबाच्या तोडीचा सन्मान मिळाला. ते आयरिश नागरिक असल्याने तो मानद स्वरूपाचा होता.

२७ फेब्रुवारी २००२ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी, इंग्लंडमधील राय येथील घरी मिलिगन यांचे निधन झाले. आपण आजारी असल्याचे आधीच सांगितले होते, अशा आशयाची ओळ थडग्यावर असावी, ही त्यांची इच्छा होती. चर्चच्या अधिकाऱ्यांना ती इंग्रजीत मान्य होईना. अखेर ती आयरिश भाषेत कोरण्यात आली.

त्यांच्या जन्मभूमीने मे १९७४ आणि मे १९९८ मध्ये पोखरण येथे अणुचाचण्या केल्या. मे १९९८ मध्येच पाकिस्ताननेही चाचण्या केल्या. आज जगात नऊ अण्वस्त्रधारी देश असून त्यांच्याकडे मिळून सुमारे बारा हजार अण्वस्त्रे आहेत. मे २०२५ मधील भारत-पाकिस्तान संघर्षाच्या वेळी देशात अनेक वर्षांनंतर भोंगे वाजले आणि नागरी संरक्षणाच्या रंगीत तालमी झाल्या. भोंग्यानंतर काय करायचे, हे नागरिकांना त्या तालमींत शिकवले गेले. तशी तयारी आवश्यकच असते. मात्र अणुयुद्ध झालेच, तर तिच्यानंतर मागे काय उरेल, या प्रश्नाला कोणत्याही सरकारी पुस्तिकेत उत्तर नाही. अहमदनगरच्या छावणीत जन्मलेल्या आणि कॅसिनोच्या डोंगरात खचलेल्या एका तोफखान्यातील सैनिकाने त्या प्रश्नाकडे हसत पाहिले. ते हसू आजही घशात अडकते.