गोपाळराव आगरकरांचे विद्यार्थिदशेचे दिवस

कळंब व आसपासच्या खेड्यांतून आमच्या वर्गांत जीं मुलें येतात, त्यांपैकीं कित्येक मामाच्या, आत्याच्या अगर दूरच्या नातलगाच्या घरीं राहून शिकतात. घरून निरोप आला कीं त्यांचा चेहरा आम्हांस वाचतां येतो. शेतांत माणूस कमी पडलें, अगर कोणा ओळखीच्यानें एखादी लहानशी नोकरी देऊं केली, कीं बांकावरील एक जागा रिकामी होते. अशा मुलांसाठीं जें चरित्र आम्हीं आज निवडलें आहे, तें पुण्याचें म्हणून प्रसिद्ध आहे. पण त्याचा पाया आमच्या वऱ्हाडांत, अकोल्यास घातला गेला, हें थोड्यांच्याच ध्यानीं असतें.

गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजीं कऱ्हाडजवळील टेंभू या खेड्यांत झाला. घरची अत्यंत गरिबी. म्हणून कऱ्हाडास आजोळीं राहून त्यांचें शिक्षण सुरू झालें. थोडें इंग्रजी होतें न होतें तोंच पुढील मार्ग खुंटला व मामलेदार कचेरींत लेखणी हातीं धरावी लागली. दुसऱ्या एखाद्यानें तेवढ्यावर जन्म काढला असता. हा मुलगा मात्र शिक्षणासाठीं पायीं घाट उतरून रत्नागिरीस गेला. तेथें आधार टिकला नाहीं. परत कऱ्हाडास येऊन त्यानें दवाखान्यांत कंपाउंडरचें काम पत्करलें; औषधें कालवावीं आणि पुस्तकाची आठवण काढावी, असे ते दिवस. पुढें नातलगांच्या आश्रयानें तो अकोल्यास आला, तेव्हां कोठें शाळेचें दार त्यास पुन्हां उघडलें.

तेव्हांचें वऱ्हाड आजच्याहून निराळें होतें. १८५३ पासून प्रांताचा कारभार इंग्रजांकडे होता. आमच्या जिल्ह्यास वणी जिल्हा म्हणत, यवतमाळ हें नांव त्यास १९०५ सालीं मिळालें. कापसाचा व्यापार वाढला होता, आगगाडी आली होती, आणि नव्या कचेऱ्यांसाठीं व शाळांसाठीं पश्चिमेकडून शिकलेलीं माणसें इकडे येत होतीं. अकोल्याच्या हायस्कुलांत आगरकरांस लाभलेले विष्णु मोरेश्वर महाजनी हे एम्. ए. झालेले, विद्वान व रसिक गृहस्थ होते. त्यांचा जन्म १८५१ चा. म्हणजे गुरुशिष्यांच्या वयांत अंतर अवघें पांच वर्षांचें!

महाजनी एकदां आगरकरांस वर्गांत टोंचून बोलले असतां, आपणही त्यांच्यासारखेच एम्. ए. होऊन दाखवूं, असें या विद्यार्थ्यानें उलट उत्तर दिलें, अशी गोष्ट सांगतात. अंगावर धड कपडा नसलेल्या मुलाचें हें बोलणें ऐकून दुसऱ्या शिक्षकानें छडी उगारली असती. (आम्हां शिक्षक मंडळींचें मन या बाबतींत फारसें मोठें नसतें, हें कबूल केलें पाहिजे.) महाजनींनीं राग धरिला नाहीं. १८७५ सालीं आगरकर मॅट्रिक झाले, तेव्हां त्यांस पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत पाठविण्यासाठीं त्यांनींच हातभार लाविला. पुढें आगरकरांनीं शेक्सपिअरचें हॅम्लेट मराठींत आणिलें व त्यास विकारविलसित असें नांव दिलें. महाजनींच्या शेक्सपिअरवरील एका नाटकाचें नांव मोहविलसित आहे. गुरूची ओळख शिष्याच्या पुस्तकाच्या पाठीवर अशी उमटलेली पाहून आम्हांस फार कौतुक वाटतें.

पुण्यास दारिद्र्य बरोबर गेलेंच. एकच सदरा रात्रीं धुवावा व सकाळीं तोच घालावा. शिष्यवृत्ति, निबंधाचीं बक्षिसें व वर्तमानपत्रांतील लेख यांवर महिना ढकलावा. परंतु याच कॉलेजांत त्यांस बाळ गंगाधर टिळक हा सोबती भेटला. दोघांच्या जन्मांत नऊ दिवसांचेंच अंतर. १८७९ सालीं एक एम्. ए. चा व दुसरा कायद्याचा अभ्यास करीत असतां, देशासाठीं काय करावें याचा खल त्यांनीं रात्र रात्र केला, आणि उत्तर निघालें तें शाळा! विष्णुशास्त्री चिपळूणकर पुढें झाले, व १८८० च्या जानेवारींत न्यू इंग्लिश स्कूल उघडलें. आगरकर एम्. ए. होऊन १८८१ सालीं तेथें रुजू झाले. मुलगा आतां मोठा पगार आणील या आशेवर असलेल्या आईस त्यांनीं पत्रानें आधींच कळविलें होतें, कीं पोटापुरत्या मिळकतीवर राहून आपण लोकांच्या कामीं आयुष्य घालविणार. त्या माउलीनें तें पत्र कोणाकडून वाचवून घेतलें असेल, आणि वाचणारास तें पुरें वाचवलें असेल काय, हा विचार आमच्या मनांतून जात नाहीं.

१८८२ सालीं कोल्हापूर प्रकरणांत दोघां मित्रांस डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढावे लागले. तेथेंही कॉलेजांतल्यासारखाच वाद चाले. आवाज चढला कीं पहारेकरी येऊन दटावीत.

मग ही मैत्री तुटली. आधीं समाजाची सुधारणा कीं आधीं राज्याची, या प्रश्नावर व संस्थेच्या कारभारावरून मतभेद विकोपास गेले. आगरकरांनीं १८८७ सालीं केसरी सोडला व पुढील वर्षीं सुधारक काढला. टिळक १८९० सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटींतून बाहेर पडले. बालविवाह, विधवांचें केशवपन यांविरुद्ध लिहिल्याबद्दल पुणेकरांनीं आगरकरांची जिवंतपणीं प्रेतयात्रा काढली. ईश्वराविषयीं त्यांचें मत आम्हांस मान्य होणें शक्य नाहीं. पण विद्यार्थिदशेंत घेतलेला शब्द इतका जपणारीं माणसें आमच्या पाहण्यांत थोडीं आहेत.

१८९२ सालीं ते फर्ग्युसन कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले. दम्यानें शरीर पोखरलें होतें. १७ जून १८९५ रोजीं, चाळिसाव्या वर्षांत पदार्पण करण्यापूर्वींच, ते वारले. आपल्या अंत्यविधीचा खर्च कोणावर पडूं नये म्हणून त्यांनीं थोडे पैसे पुरचुंडींत बांधून ठेविले होते. केसरींतील मृत्युलेख टिळकांनीं लिहिला. लिहितांना त्यांच्या डोळ्यांचें पाणी खळत नव्हतें, असें सांगतात.

अकोल्याचे गुरुजी शिष्याच्या मागें अठ्ठावीस वर्षें होते. १९०७ सालीं मराठी साहित्य संमेलन पुण्यास भरलें, तेव्हां अध्यक्षस्थानीं विष्णु मोरेश्वर महाजनी बसले होते.