पैलवान खाशाबा जाधव यांचें अल्प चरित्र

अमेरिकेंत हिंवाळा लागला कीं तेथील कॉलेजांतील तरुणांच्या बास्केटबॉलच्या सामन्यांस आरंभ होतो, व ते वसंत ऋतूपर्यंत चालतात. हा खेळ १८९१ च्या डिसेंबर महिन्यांत स्प्रिंगफील्ड येथील यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनच्या शिक्षणशाळेंत जेम्स नायस्मिथ नांवाच्या शिक्षकानें काढिला, हें आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. थंडीमुळें मुलांस बाहेर खेळतां येईना, म्हणून त्यानें फळांच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्यास अडकविल्या व त्यांत चेंडू टाकण्याचा हा खेळ शिकविला. १९३९ सालीं त्या देशांतील कॉलेजांची जी मोठी स्पर्धा सुरू झाली तींत आठच संघ होते. आज तीच स्पर्धा लक्षावधि लोक पाहतात, आणि २०२५ सालापासून कॉलेजांस आपल्या खेळाडूंस उघडपणें पैसे देण्याची मोकळीक मिळाली आहे. विद्यार्थी कॉलेजाच्या नांवासाठीं खेळतो, तर त्याच्यासाठीं कोणीं काय करावें, या प्रश्नाचा वाद तेथें न्यायालयांपर्यंत गेला. हाच प्रश्न आमच्या कोल्हापुरांत सत्तर वर्षांहून अधिक काळापूर्वीं एका गृहस्थांनीं आपलें घर गहाण टाकून सोडविला होता. त्यांची व त्यांच्या विद्यार्थ्याची हकीकत आज आम्ही वाचकांपुढें ठेवितों.

आम्ही हें शिवाजी पेठेंत बसून लिहीत आहों. या पेठेंतील मुलें आतां फुटबॉलचीं वेडीं आहेत. तरी कुस्तीची तांबडी माती या शहरानें सोडिलेली नाहीं. त्या मातींत तेल, ताक, हळद व लिंबाचा रस घालून ती मऊ करितात, व तींत पोरें पहांटेपासून घाम गाळितात. शाहू महाराजांनीं बांधविलेलें खासबाग मैदान येथून फार दूर नाहीं. अशा शहरांत महायुद्ध संपल्यानंतरच्या काळांत कऱ्हाडकडील एक ठेंगणा तरुण राजाराम कॉलेजांत शिकावयास आला. त्याचें नांव खाशाबा दादासाहेब जाधव.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजीं सातारा जिल्ह्यांतील कऱ्हाड तालुक्यांत गोळेश्वर या गांवीं झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान होते, आणि पांच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. बापानें मुलास लहानपणींच मातींत उतरविलें. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलांत त्यांचें शिक्षण झालें. १९४२ च्या चळवळींत या विद्यार्थ्यानें भूमिगत कार्यकर्त्यांस आसरा देणें व त्यांचीं पत्रकें पोंचविणें हीं कामें केलीं.

कॉलेजांत आल्यावर पहिली अडचण निराळीच निघाली. खाशाबांची उंची बेताची, अंगलट किरकोळ. त्यांस पाहून हा पैलवान आहे असें कोणास वाटेना. वार्षिक खेळांत कुस्तीसाठीं त्यांचें नांव घेण्यास क्रीडाशिक्षक राजी नव्हते. तेव्हां खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले व त्यांची परवानगी मिळवून आखाड्यांत उतरले. मग त्यांनीं आपल्याहून थोराड गडी एकामागून एक चीत केले. शक्तीपेक्षां चपळाई हें त्यांचें बळ होतें. प्रतिपक्ष्याची मान कवळींत धरून त्यास उचलून टाकण्याचा ढाक नांवाचा डाव त्यांच्या हातीं विशेष बसला होता. राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांच्या नजरेंत हा विद्यार्थी भरला, व तो पुढें कधीं त्यांच्या नजरेआड झाला नाहीं.

१९४८ सालीं लंडन येथें ऑलिंपिक सामने झाले. कोल्हापूरच्या महाराजांनीं खर्च सोसला व खाशाबा तेथें गेले. परंतु तेथें माती नव्हती, गादी होती, नियमही परके. जो गडी जन्मभर मातींत पाय रोवून लढला त्याचे पाय गादीवर ठरेनात. रीस गार्डनर या अमेरिकन कुस्तीगिरानें त्यांस त्या पद्धतीचें शिक्षण दिलें. इतक्या अल्प तयारीवर खाशाबा फ्लायवेट गटांत सहाव्या क्रमांकास आले. हें यश लहान नव्हे; पण ते त्यावर तृप्त झाले नाहींत. परत आल्यावर त्यांनीं आपली मेहनत वाढविली, आणि पुढल्या खेपेस वरच्या वजनी गटांत उतरण्याचा निश्चय केला.

पुढील सामने १९५२ सालीं फिनलंड देशांत हेलसिंकी येथें व्हावयाचे होते. खाशाबांची निवड झाली, पण प्रवासाचा पैसा नव्हता. सरकारकडे खेटे घालावे लागले. शेवटीं चार हजार रुपये मिळाले, परंतु तेवढ्यानें भागण्यासारखें नव्हतें. गोळेश्वरच्या व आसपासच्या लोकांनीं यथाशक्ति वर्गणी जमविली. ज्या गांवांत रोकड रुपया क्वचित् दिसे त्या गांवानें परदेशच्या प्रवासाचा भार उचलावा, हें थोडें नव्हे. तरीही मोठी रक्कम कमी पडत होती. तेव्हां खर्डेकर पुढें झाले. त्यांनीं आपलें घर गहाण ठेविलें व सात हजार रुपये उभे करून आपल्या विद्यार्थ्याच्या हातीं दिले. पदक मिळेल अशी हमी कोणी दिली नव्हती. हरला असता तर कर्ज मात्र राहिलेंच असतें. हें सर्व जाणून त्यांनीं तें केलें.

हेलसिंकी येथें खाशाबा ५७ किलो वजनाच्या बँटमवेट गटांत लढले. कानडा, मेक्सिको व जर्मनी या देशांच्या मल्लांस त्यांनीं हरविलें. त्यानंतर जपानच्या शोहाची इशी यांच्याशीं त्यांची मोठी झुंज झाली व ती ते थोडक्यांत हरले. या लढतीनंतर पुरती विश्रांति न मिळतां त्यांस रशियाच्या रशीद मामदबेयोव यांच्याशीं उभें राहावें लागलें असें सांगतात. दोन कुस्त्यांमध्यें अर्धा तास सोडण्याचा नियम होता, परंतु तो दाखवून हक्क मागणारा एकही भारतीय अधिकारी त्या वेळीं तेथें हजर नव्हता. थकलेले खाशाबा ती कुस्ती हरले. इशी यांस सुवर्ण, मामदबेयोव यांस रौप्य, आणि २३ जुलै १९५२ रोजीं खाशाबा जाधव यांस कांस्यपदक मिळालें. त्याच सामन्यांत कोल्हापूरचे केशव माणगावे वरच्या गटांत चौथे आले. त्यांचें पदक केवळ एका पायरीनें हुकलें.

स्वतंत्र भारताच्या एका व्यक्तीनें स्वतःच्या बळावर मिळविलेलें हें पहिलें ऑलिंपिक पदक. हॉकीच्या संघानें त्याच वर्षीं सुवर्णपदक आणिलें होतें व देशाचें लक्ष बहुतेक तिकडे लागलें होतें. परंतु कऱ्हाडकडील लोकांनीं आपला माणूस ओळखिला. शंभरावर बैलगाड्या जुंपून त्यांनीं खाशाबांची मिरवणूक काढिली. एरव्ही पाव तासांत तुटणाऱ्या वाटेस त्या दिवशीं सात तास लागले असें जुनीं माणसें सांगत.

खाशाबांनीं परत येऊन पुढें काय केलें, तें आमच्या मतें त्या पदकाइतकेंच मोलाचें आहे. त्यांनीं कोल्हापुरांत कुस्त्यांचीं मैदानें भरविलीं, स्वतः त्यांत लढले, आणि त्या उत्पन्नांतून आपल्या प्राचार्यांचें गहाण घर सोडवून दिलें. गुरूनें विश्वासानें दिलें, शिष्यानें घाम गाळून फेडिलें.

१९५५ सालीं खाशाबा पोलीस खात्यांत फौजदार झाले. पुढें गुडघ्याच्या दुखापतीमुळें १९५६ च्या मेलबर्नच्या सामन्यांस त्यांस जातां आलें नाहीं. पोलीस खात्यांत त्यांनीं सुमारें सत्तावीस वर्षें चाकरी केली. बढती दीर्घ काळ मिळाली नाहीं, आणि अखेरीस असिस्टंट कमिशनर म्हणून ते निवृत्त झाले. निवृत्तीनंतर हक्काच्या पेन्शनसाठींही त्यांस झगडावें लागलें. १४ ऑगस्ट १९८४ रोजीं रस्त्यावरील अपघातांत त्यांचा अंत झाला. जिवंतपणीं देशाकडून त्यांचा मोठा गौरव झाला नाहीं. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. पुढें दिल्लीच्या कुस्तीच्या क्रीडागृहास त्यांचें नांव देण्यांत आलें. त्यांच्यानंतर दुसऱ्या भारतीयास असें वैयक्तिक पदक मिळावयास चव्वेचाळीस वर्षें लोटलीं. १९९६ सालीं टेनिसपटु लिएंडर पेस यांनीं तें मिळविलें.

या चरित्रांतून आमच्या खेड्यांतील वाचकांनीं काय घ्यावें? पदक जिंकल्यावर हार घालणारे पुष्कळ मिळतात. जाण्यापूर्वीं गाडीभाडें देणारा विरळा. अमेरिकेंतील मोठ्या कॉलेजांजवळ पैसा आहे, तेथें हा प्रश्न कायद्यानें सुटूं शकेल. आमच्या शाळांजवळ तो नाहीं, म्हणून येथें कोणा तरी माणसासच पुढें व्हावें लागतें. आपल्या गांवची एखादी मुलगी तालुक्याच्या शर्यतींस निवडली गेली, किंवा एखादा मुलगा जिल्ह्याच्या कुस्त्यांस निघाला, तर ती बातमी ऐकून माना डोलावणें पुरें नाहीं. एस.टी.चें भाडें कोण देणार, तेथें त्याची भाकर कोठें व्हावयाची, आणि नियम जाणणारा कोण वडीलधारा त्याच्यासंगें जाणार, हें त्याच दिवशीं विचारावें. हेलसिंकीच्या गादीवर खाशाबांच्या बाजूनें बोलणारा कोणी नव्हता. आपल्या गांवच्या लेंकराच्या बाजूनें एक माणूस उभा राहील, एवढी तजवीज तर आपण करूं शकतों.