विश्लेषण : गायरानावरच्या घरांचा प्रश्न आणि दादासाहेब गायकवाडांची जुनी मागणी

दिवाळी झाली की गेवराई तालुक्यातून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. मागे राहतं ते कुलूप लावलेलं घर. यातली कित्येक घरं गावाच्या कडेला, गायरानात आहेत. घरकुलाच्या यादीत नाव येतं, पण काम जागेपाशी अडतं. घर ज्या जमिनीवर उभं आहे, तिच्या सातबाऱ्यावर नाव असतं सरकारचं. ग्रामपंचायत घरपट्टी घेते, विजेचं मीटर मिळतं, मतदार यादीत पत्ता असतो. नसतो तो जागेचा कागद.

पडून असलेली सरकारी जमीन भूमिहीनांच्या नावे करा, ही मागणी साठ-पासष्ट वर्षांपूर्वी मराठवाड्याच्या गावांतून दिल्लीपर्यंत नेणारा माणूस नाशिक जिल्ह्यातला होता. कर्मवीर दादासाहेब गायकवाड. त्यांच्या नावाची सरकारी योजना अनेकांना माहीत असते. त्यांनी नेमकं काय मागितलं होतं, ते मात्र फारसं सांगितलं जात नाही.

कोण होते दादासाहेब?

भाऊराव कृष्णराव गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावी एका महार कुटुंबात झाला. २ मार्च १९३० रोजी नाशिकमध्ये काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. नेतृत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं होतं, पण पुढची काही वर्षं तो रोजच्या रोज चालता ठेवण्याचं काम दादासाहेबांच्या अंगावर होतं. लोक जमवायचे, तुरुंगात गेलेल्यांच्या घरी लक्ष ठेवायचं, बाबासाहेबांना पत्राने खबर द्यायची. बाबासाहेबांनी त्यांना लिहिलेली पत्रं पुढे पुस्तकरूपाने आली. १९३७ मध्ये ते स्वतंत्र मजूर पक्षाकडून मुंबई विधानसभेत निवडून गेले. १९५७ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर आणि १९६२ मध्ये राज्यसभेवर.

मंदिराचं दार उघडायला निघालेला हा माणूस पुढे जमिनीकडे वळला. गावात ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्याला मजुरी, पाणी, सरपण, अगदी राहायची जागाही दुसऱ्याच्या मर्जीवर मिळते. बहिष्कार पडला की सगळ्यात आधी तोच माणूस कोंडीत सापडतो. दादासाहेबांच्या पुढच्या राजकारणाचा पाया हा होता.

मराठवाड्यातूनच का?

बीड जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. इथल्या जुन्या महसुली दप्तरात गायरान, परमपोक, खारिज खाता अशा नावांनी नोंदलेली जमीन सापडते. गायरान म्हणजे गावच्या जनावरांच्या चराईसाठी राखलेली. परमपोक म्हणजे साऱ्याच्या हिशोबाबाहेरची. खारिज खाता म्हणजे खातेदाराचं नाव कमी होऊन सरकारकडे आलेली. यातली बरीचशी जमीन प्रत्यक्षात पडीक होती आणि गावातली भूमिहीन माणसं तिचा तुकडा कसत किंवा तिच्यावर झोपडी टाकून राहत. कागदावर ती अतिक्रमणदार ठरायची.

१९५३ मध्ये शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या कार्यकर्त्यांनी या जमिनींसाठी मराठवाड्यात सत्याग्रह केला. बाबासाहेबांचा त्याला पाठिंबा होता. १९५६ मध्ये बाबासाहेब गेले, त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मराठवाडा मुंबई राज्यात आला. पुढच्या वर्षी ३ ऑक्टोबरला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. १९५९ मध्ये दादासाहेबांनी मराठवाडा आणि खानदेशात भूमिहीनांचा सत्याग्रह पुकारला. पद्धत साधी होती. पडीक सरकारी जमिनीवर जायचं, ती आमची आहे असं जाहीर करायचं आणि अटक करून घ्यायची. हजारो माणसं तुरुंगात गेली. यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने पडीक जमीन वाटपाचं आश्वासन दिल्यावर आंदोलन थांबलं.

या सत्याग्रहाची किंमत पक्षाला मोजावी लागली. दादासाहेब कम्युनिस्टांसोबत काम करतात, रस्त्यावरची लढाई ही बाबासाहेबांची वाट नव्हे, असा आक्षेप बी. सी. कांबळे यांच्या गटाने घेतला. पक्षात फूट पडली. शहरी, शिकलेल्या नेत्यांपैकी काहींना धोतर नेसणारा, खेड्यातल्या मजुराच्या भाषेत बोलणारा हा पुढारी मागासलेला वाटायचा. कोणाचं चूक, कोणाचं बरोबर यावर आजही वाद होतो. पण भूमिहीन माणूस मोठ्या संख्येने कोणाच्या मागे उभा राहिला, हे पाच वर्षांनी दिसलं.

१९६४ : दहा मागण्या

आश्वासनं कागदावरच राहिल्यावर १ ऑक्टोबर १९६४ रोजी दादासाहेबांनी दिल्लीत संसदेवर मोर्चा नेला आणि पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना मागण्यांचं निवेदन दिलं. एकूण दहा मागण्या होत्या. कसेल त्याला जमीन, पडीक जमीन भूमिहीनांना, किमान वेतन कायद्याची अंमलबजावणी, धान्याचं वाटप आणि दरावर नियंत्रण, बौद्धांना सवलती, संसदेत बाबासाहेबांचं चित्र. झोपडपट्टीत राहणाऱ्यांची परिस्थिती सुधारा, ही मागणीही त्यात होती. शेतजमीन आणि राहण्याची जागा हे दोन वेगळे प्रश्न आहेत असं दादासाहेब मानत नव्हते. सरकारी विभागांनी ते पुढे वेगळे केले.

उत्तर न आल्यामुळे ६ डिसेंबर १९६४ रोजी, बाबासाहेबांच्या स्मृतिदिनी, देशभर सत्याग्रह सुरू झाला आणि १९६५च्या सुरुवातीपर्यंत चालला. पक्षाच्या हिशोबाने तीन लाखांहून अधिक लोकांनी अटक करून घेतली. महाराष्ट्राबरोबरच उत्तर प्रदेश, पंजाबातूनही. बायका कडेवर पोरं घेऊन तुरुंगात गेल्या. आंदोलनाची धुरा संसदेत बसणाऱ्या खासदाराच्या हाती होती, हेही त्या काळात नवलच. शेवटी शास्त्री सरकारने बहुतेक मागण्या तत्त्वतः मान्य केल्या. त्याच शास्त्रींनी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पैठणला जायकवाडी धरणाची पायाभरणी केली. त्याच धरणाचा उजवा कालवा पुढे गेवराई तालुक्यातून गेला.

बाबासाहेबांचा पुतळा २ एप्रिल १९६७ रोजी संसदेच्या आवारात उभा राहिला. जमिनीची मागणी इतक्या लवकर फळाला आली नाही. दादासाहेबांना १९६८ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २९ डिसेंबर १९७१ रोजी त्यांचं निधन झालं.

त्यानंतर काय झालं?

सरकारने मार्ग काढला तो तारखांचा. अमुक तारखेच्या आधीचं अतिक्रमण नियमित, नंतरचं बेकायदा. शेतीसाठीच्या अतिक्रमणांबाबत २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय महत्त्वाचा. त्यात १४ एप्रिल १९९० ही मुदत धरली गेली. घरांसाठी १६ फेब्रुवारी २०१८ चा निर्णय आला. ग्रामीण भागात शासकीय जमिनीवर १ जानेवारी २०११ पूर्वी बांधलेली घरं नियमित करण्याची तरतूद त्यात होती.

दुसरीकडे न्यायालयं कडक होत गेली. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात गावच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले. सरकारी अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना मिळालेले पट्टे मात्र अपवादात ठेवले. म्हणजे शेजारी-शेजारी राहणाऱ्या दोन कुटुंबांत ज्याच्याकडे पट्टा तो सुरक्षित, दुसऱ्याचं घर पाडण्याजोगं. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानावरची अतिक्रमणं वर्षअखेरपर्यंत हटवायला सांगितलं, तेव्हा नोटिसा निघाल्या आणि राज्यभर मोर्चे झाले.

त्या प्रकरणात पुढे आलेले आकडे बघण्यासारखे आहेत. राज्यात गायरान सुमारे ४.५२ लाख हेक्टर. त्यावर सुमारे २.२२ लाख अतिक्रमणं, आणि त्यांनी व्यापलेली जमीन सुमारे १० हजार हेक्टर. म्हणजे एकूण गायरानाच्या सव्वादोन टक्क्यांच्या आसपास. सरासरी काढली तर एका अतिक्रमणाला साडेचार गुंठे येतात. या सरासरीत मोठ्या कब्जेदारांचे प्लॉटही आहेत, त्यामुळे गरिबाच्या वाट्याची जागा याहून लहानच असणार.

दादासाहेबांच्या नावाची योजना म्हणजे कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना. २००४ मध्ये आलेली ही योजना दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन अनुसूचित जाती कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देते. पण ती जमीन खासगी मालकाकडून विकत घेतली जाते. २०१८ मध्ये एकरी कमाल दर जिरायतीला ५ लाख आणि बागायतीला ८ लाख रुपये ठरला. कालव्याखालची चांगली जमीन या भावात विकायला मालक सहसा पुढे येत नाही. आणि पडीक सरकारी जमीन, जी दादासाहेबांनी मागितली होती, तिला ही योजना हात लावत नाही.

गायरानात घर असेल तर काय तपासावं?

तलाठी कार्यालयात गाव नमुना १-ई असतो. ही अतिक्रमणांची नोंदवही. आपलं नाव त्यात असणं अनेकांना भीतीचं वाटतं, पण घर कोणत्या वर्षापासून आहे हे सरकारी दप्तरानेच सांगणारा हा कागद आहे. त्यासोबत ग्रामपंचायतीचा नमुना ८, जुन्या घरपट्टीच्या पावत्या, वीजबिल, मतदार यादीतली नोंद आणि पूर्वी दंड भरला असेल तर त्याची पावती जपून ठेवावी. नियमित करण्याचा अर्ज या कागदांवरच तपासला जातो. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी हे काम टोळी निघण्याआधीच करून घ्यावं, कारण मोजणी आणि पंचनाम्याच्या दिवशी घराला कुलूप असलं तर ताबा दाखवणं अवघड होतं.