हृदयाची वाट

विद्यार्थी मित्रांनो, तुमचा हात छातीवर ठेवून पाहा. आत हृदय धडधडत आहे ना? सुमारे शंभर वर्षांपूर्वी जिवंत माणसाच्या हृदयात नळी घालायची कल्पनाही डॉक्टरांना भयंकर वाटत असे. नळी लागताच माणूस मरेल, असे ते समजत. ही भीती खोटी ठरवणाऱ्या एका तरुण डॉक्टरची ही गोष्ट आहे.

वेर्नर फोर्समन यांचा जन्म २९ ऑगस्ट १९०४ रोजी जर्मनीतील बर्लिन शहरात झाला. डॉक्टर झाल्यावर ते एबर्सवाल्डे या लहान गावातील रुग्णालयात काम करू लागले. घोड्याच्या मानेतील शिरेतून हृदयापर्यंत नळी नेल्याचे चित्र त्यांनी एका पुस्तकात पाहिले होते. माणसाच्या हाताच्या शिरेतूनही नळी हृदयात नेता येईल आणि औषध थेट तेथे पोचवता येईल, असा विचार त्यांच्या मनात आला. वरिष्ठ डॉक्टरांनी मात्र या प्रयोगाला परवानगी दिली नाही.

१९२९ साली फोर्समन यांनी गुपचूप प्रयोग करायचे ठरवले. गेर्डा डित्सेन नावाची परिचारिका स्वतःवर प्रयोग करून घ्यायला तयार झाली. फोर्समन यांनी तिला टेबलावर बांधले. पण तिची नजर चुकवून स्वतःचाच डावा हात बधिर केला. कोपराजवळच्या शिरेत त्यांनी एक बारीक नळी सरकवली. मग दोघे जिना उतरून क्ष-किरणांच्या खोलीत गेले. तेथे नळी ६५ सेंटिमीटर आत गेली. तिचे टोक हृदयाच्या उजव्या कप्प्यात पोचल्याचे क्ष-किरण चित्रात स्पष्ट दिसले. फोर्समन जिवंत होते!

तुम्हांला वाटेल, आता त्यांचा मोठा गौरव झाला असेल. तसे घडले नाही. पुढे त्यांना बर्लिनच्या मोठ्या रुग्णालयातील नोकरी सोडावी लागली. अखेर ते मूत्रविकारांचे डॉक्टर झाले. त्यांच्या जीवनात एक काळा डागही आहे. १९३२ साली ते हिटलरच्या नाझी पक्षात सामील झाले. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी सैन्यात डॉक्टर म्हणून काम केले व ते युद्धकैदी झाले.

इकडे अमेरिकेत कुर्नांद आणि रिचर्ड्स या डॉक्टरांनी त्यांचाच मार्ग पुढे नेला. १९५६ साली तिघांना मिळून नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा फोर्समन एका छोट्या गावात रुग्ण तपासत होते. १ जून १९७९ रोजी त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, आज मंद चालणाऱ्या हृदयाला पेसमेकर हे यंत्र ठोके देते. त्याच्या तारा बहुधा शिरेतूनच हृदयात नेतात. अशा रुग्णाला औषधासाठी छातीजवळच्या मोठ्या शिरेत नळी घालायची असेल, तर डॉक्टर शक्यतो पेसमेकरच्या विरुद्ध बाजूची शीर निवडतात. नळीचा धक्का लागून तार हलू नये, म्हणून ते हृदयाच्या ठोक्यांवर सतत लक्ष ठेवतात.

फोर्समन यांच्यासारखा प्रयोग आज कोणी गुपचूप करू नये. आता त्यासाठी नियम आहेत. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. जी परिचारिका विश्वासाने पुढे आली होती, तिचा जीव त्यांनी धोक्यात घातला नाही. धोका त्यांनी आधी स्वतःच्या अंगावर घेतला.