नारूची वाट शोधणारा फेदचेंको

पिंगळीची बारव तुम्ही पाहिलीच असेल. पायऱ्या उतरायच्या, पाण्यात पाय ठेवून घागर बुडवायची, ही जुनी रीत. अशा पायऱ्यांच्या विहिरींतूनच मराठवाड्यात नारू पसरायचा. घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, पायातून हातभर दोरा निघायचा आणि ऐन पेरणीत माणूस बाजेवर पडायचा.

हा नारू माणसात शिरतो कसा, याचा माग लावला अलेक्सी फेदचेंको या रशियन तरुणानं. जन्म १८४४ चा, सैबेरियातल्या इर्कुत्स्कचा. शिक्षण मॉस्कोत. १८६८ साली तो पत्नी ओल्गासह तुर्कस्तानात गेला. ती झाडपाला गोळा करायची, हा किडे. तिकडं नारूचे रोगी पुष्कळ. ल्युकार्ट नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं त्याला पाण्यातले बारीक जीव तपासायला सुचवलं होतं. त्यानं तसंच केलं. १८७० च्या सुमारास त्याला दिसलं, की नारूची पिल्लं पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या पिसवाएवढ्या जीवाच्या अंगात शिरून वाढतात. रोगी पाण्यात पाय बुडवतो, जखमेतून पिल्लं पाण्यात पडतात, सायक्लॉप्स ती खातो, आणि तेच पाणी आपण पितो. साधारण वर्षानं नारू कातडीबाहेर येतो. पुढं मुंबईत डॉ. तर्खड यांनी माणसांवर प्रयोग करून हे पडताळलं.

फेदचेंकोला मात्र ते पाहायला मिळालं नाही. १८७३ साली आल्प्स पर्वतात मॉं ब्लांवर हिमवादळात सापडून तो गेला. वय अवघं २९, घरी तान्हं मूल. त्याचे राहिलेले कागद ओल्गानं छापून घेतले. पामीरमधल्या एका मोठ्या हिमनदीला त्याचं नाव आहे.

नारूवर मारक औषध तेव्हाही नव्हतं, आजही नाही. तो काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळूनच काढायचा. ओढला की तुटतो, पाय सुजतो, पू होतो. म्हणून भर दिला गेला तो पाण्यावर. १९८३-८४ पासून देशभर मोहीम चालली. पायऱ्या बंद करून विहिरीला कठडे केले, हातपंप बसवले, पाणी दुहेरी फडक्यानं गाळायला शिकवलं, टेमेफॉस टाकलं. (हे कीटकनाशकच, पण मापात अन् आरोग्य खात्याच्या हातानं. फवारणीचं उरलेलं औषध विहिरीत कुणी ओतू नये!) देशातला शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानात सापडला. फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त ठरला.

आफ्रिकेत थोडे रोगी अजून निघतात. सरपंच, ग्रामसेवक मंडळींनी एवढं करावं, कुणाच्या फोडातून पांढरा दोरा येताना दिसला तर त्याला बारवेत, तळ्यात उतरू देऊ नये आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात कळवावं.