रंग ओळखता येईनात म्हणून चित्रकला सुटली, आणि त्याच माणसाच्या कारखान्यातला पंप शेतकऱ्याच्या विहिरीवर पोहोचला

जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यात वडीगोद्री नावाचं गाव आहे. सोलापूर-धुळे महामार्गावरचं. एका बाजूला विहिरी आणि शेतं, दुसऱ्या बाजूला दिवसरात्र धावणाऱ्या गाड्या.

आता गंमत बघा. विहिरीतून पाणी वर ओढणारा पंप आणि गाडीच्या इंजिनात पाणी फिरवणारा वॉटर पंप, या दोघांचं तत्त्व एकच आहे. आत एक चक्र असतं, त्याला इम्पेलर म्हणतात. ते जोरात फिरलं की मधलं पाणी कडेला फेकलं जातं आणि रिकाम्या झालेल्या जागेत नवं पाणी ओढलं जातं. याला सेंट्रिफ्यूगल पंप म्हणतात.

महाराष्ट्रात हा पंप घरोघरी ओळखीचा झाला तो एका आडनावामुळं. किर्लोस्कर.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. शाळेत मन रमायचं नाही. चित्रं काढणं आणि यंत्रं बघणं, हे दोनच नाद. वडिलांचा विरोध होता, पण थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले आणि लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

तिथं दोन वर्षांत एक गोष्ट उघड झाली. त्यांना काही रंग नीट ओळखताच येत नव्हते. ज्याला चित्रकार व्हायचंय त्याच्यासाठी हा शेवटच होता.

पण हातात रेषा होती. रंग नकोत, नुसत्या रेषा चालतील असं एक क्षेत्र होतं, यंत्रांची चित्रं काढण्याचं. लक्ष्मणराव तिकडं वळले आणि पुढं मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवायला लागले. शिकवून झालं की ते संस्थेच्या वर्कशॉपमध्ये जायचे. कागदावरचं यंत्र प्रत्यक्षात कसं उघडतं, कसं जुळतं, हे तिथं त्यांच्या हातात बसलं.

मग बढतीची वेळ आली. हक्क लक्ष्मणरावांचा होता, जागा मिळाली एका अँग्लो-इंडियन माणसाला. लक्ष्मणरावांनी नोकरीच सोडली.

बेळगावात रामूअण्णांबरोबर सायकलींचं दुकान सुरू होतंच. सायकल विकायची, चालवायला शिकवायची आणि बिघडली की दुरुस्त करायची. यातलं तिसरं काम सगळ्यात महत्त्वाचं ठरलं. सायकली यायच्या परदेशातून, सुटा भाग मोडला तर तो बेळगावात मिळणार कुठून? मग तो आपणच घडवायचा. दुरुस्तीतून कारखानदारीकडं जाणारी वाट इथूनच सुरू झाली.

आधी कडबा कापण्याचं यंत्र आलं, मग 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर.

आणि इथं गाडी अडली. लोखंडानं जमिनीत विष कालवलं जातं, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. फाळ मऊ पडतोय अशी तक्रारही आली. लक्ष्मणरावांनी ती झटकली नाही. लोखंड ओतण्याची पद्धत बदलली, फाळ कडक केला. त्यानंतर मात्र नांगरानं जोर धरला.

तोच दुसरा दणका बसला. बेळगाव नगरपालिकेच्या शहर विस्तारात कारखान्याची जागा गेली. चालतं काम उचलून न्यायचं तरी कुठं?

मदतीला आले औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ 32 एकर जागा दिली आणि 10 हजार रुपये बिनव्याजी कर्ज दिलं. जागा कसली, निवडुंग आणि सापांचं माळरान. 10 मार्च 1910 ला तिथं मुक्काम पडला. आज सांगली जिल्ह्यात असलेली किर्लोस्करवाडी ती हीच. शंभूराव जांभेकरांसारखे कुठल्याही यंत्राला हात घालणारे सहकारी जमले आणि माळावर कारखाना आणि वसाहत उभी राहिली.

नांगरानं जमीन खोल नांगरता आली, पण पाण्याचं काय? विहिरीवर तेव्हा मोट चालायची. बैल धावेवरून खाली जायचे, नाडा ताणला जायचा, मोट वर यायची, आणि पुन्हा पहिल्यापासून. दिवसभर बैल आणि माणूस दोघंही राबायचे, तरी भिजायचं ते थोडंच रान.

1926 मध्ये किर्लोस्करवाडीत सेंट्रिफ्यूगल पंप तयार झाला. भारतात बनलेल्या अगदी सुरुवातीच्या पंपांपैकी हा एक. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीमधून इंजिनिअर झाले. पुढं पंपाला जोड मिळाली डिझेल इंजिनची. 1946 मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. वीज पोहोचली नव्हती तिथंही इंजिनाच्या जोरावर विहिरीचं पाणी वर येऊ लागलं.

आता पुन्हा गाडीकडं येऊ.

सुरुवातीच्या काळात सगळ्याच मोटारींना वॉटर पंप नसायचा. फोर्डच्या प्रसिद्ध मॉडेल टी गाडीच्या पहिल्या सुमारे 2,500 गाड्यांना पंप होता, नंतर तो काढून टाकला. गरम पाणी आपोआप वर चढतं आणि थंड पाणी खाली येतं, एवढ्यावर इंजिन थंड ठेवलं जायचं. इंजिनांची ताकद वाढली तसा पंप परत आला. अ‍ॅम्बेसेडर, प्रीमियर पद्मिनी या गाड्यांत तो पंख्याच्या पट्ट्यावर फिरायचा.

अशा जुन्या गाडीचा मूळ पंप गळायला लागला की दोन रस्ते असतात. नवा डुप्लिकेट बसवायचा, किंवा जुनाच उघडून पुन्हा उभा करायचा.

दुसऱ्या रस्त्यात आधी पंपाच्या खालचं बारीक भोक बघतात. तिथून पाणी ठिबकत असेल तर आतलं सील गेलं असं समजायचं. मग पुली आणि इम्पेलर काढायचा, शाफ्ट दाबून बाहेर घ्यायचा. बेअरिंग आणि सील नवं टाकायचं. सील जिथं घासतं तो पृष्ठभाग खरबडीत झाला असेल तर लेथवर साफ करायचा. शाफ्ट झिजला असेल तर त्याच मापाचा नवा घडवायचा. इम्पेलर आणि बॉडीतली फट मूळ मापाची ठेवायची. ती वाढली की पंप फिरतो, पण पाणी पुरेसं ढकलत नाही आणि इंजिन तापतं. ओतीव लोखंडाची बॉडी शाबूत असेल तर बाकी सगळं बदलता येतं.

विहिरीवरच्या पंपाचंही असंच आहे. सील, बेअरिंग, इम्पेलर बदलला की जुनी बॉडी पुन्हा पाणी ओढायला तयार.

26 सप्टेंबर 1956 ला लक्ष्मणराव गेले. 1969 मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला भारत सरकारनं त्यांच्यावर टपाल तिकीट काढलं.

रंग कळेनात तेव्हा ते रेषेकडं वळले, बढती हुकली तेव्हा दुकानाकडं, बेळगाव सुटलं तेव्हा माळरानाकडं. या सगळ्यात एक सवय कायम राहिली. बिघडलेली वस्तू फेकायची नाही, आधी उघडून बघायची. मोडलेला भाग जिथं मिळत नाही तिथं तो घडवणारा माणूस तयार होतो. बेळगावच्या सायकलच्या दुकानात तो तयार झाला. आज लेथवर जुन्या पंपाचा शाफ्ट बसवणारा मिस्त्री तेच काम पुढं नेतोय.